न जुळणारं ताट

अंजली गांगुर्डेला किळस फार लवकर येई. लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली तरी ती मोरीकडे पळायची. कुणाच्या घरी जेवायला गेलं आणि पेल्याच्या काठावर जुना डाग दिसला की तहान लागूनही पाणी प्यायची नाही. नाशिकच्या उपनगर भागातल्या त्यांच्या कॉलनीत शेजारणी तिला कलेक्टरीणबाई म्हणत. आई म्हणे, खरी भूक लागली की माणसाचं नाक आपोआप बंद होतं, या पोरीला ती कधी लागलीच नाही. यात खोटं काही नव्हतं. वडील रेल्वेत कारकून होते, घर लहान असलं तरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, आणि आईच्या हाताला चव होती.

दुसऱ्याला आपली किळस येऊ शकते, हे तिला कॉलेजात असताना कळलं. पंचवटीतल्या एका मैत्रिणीकडे ती अभ्यासाला जाई. मैत्रिणीची आई चांगली बोलायची, चहा द्यायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अंजलीच्या लक्षात आलं, की तिचा चहा नेहमी एकाच पेल्यात येतो, आणि तो पेला मांडणीवरून नाही, मागच्या खिडकीतून येतो. त्या बाईच्या चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता. नुसती सवयीची किळस होती, आपल्या हातून काही होतंय हे ठाऊकच नसल्यासारखी. अंजलीनं चहा संपवला, पेला स्वतः विसळून खिडकीत ठेवला आणि पुन्हा त्या घरी गेली नाही. घरी सांगितलंही नाही. तेव्हापासून स्वतःला किळस आली की तिला थोडं शरमल्यासारखं व्हायचं. पण यायची थांबली नाही.

गणितात ती पहिल्यापासून हुशार. एम. एस्सी. झाली आणि तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवू लागली. एक कॉलेज नाशिकरोडला, दुसरं पार सिन्नरच्या अंगाला. दरवर्षी उन्हाळ्यात काम संपे आणि पावसाळ्यात पुन्हा अर्ज करावा लागे. या सगळ्यात तिला मनापासून आवडायचा तो एकच विषय: ठरलेल्या अटी पाळून कमीत कमी खर्चाचं उत्तर काढायचं गणित. त्यात एक जुनं उदाहरण असतं. माणसाला इतकी प्रथिनं हवीत, इतकं लोह हवं, इतके उष्मांक हवेत, बाजारात इतके पदार्थ आहेत, त्यांचे हे भाव. तर सर्वांत स्वस्त आहार कोणता? मुलांना हे उदाहरण पटकन कळे. अंजली ते फळ्यावर रंगवून सांगायची, आणि शेवटी उत्तर म्हणून नुसता कोबी आणि पीठ आलं की वर्ग हसायचा. तीही हसायची.

लग्न झालं, नवरा सुयश सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. घरात धड स्थिर पगार हवा म्हणून अंजलीनं कॉलेजं सोडली, घरी बसून पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकली आणि विल्होळीजवळच्या एका केटरिंग कंपनीत नोकरी धरली. कंपनी कारखान्यांची कॅन्टीनं आणि मुलामुलींची वसतिगृहं यांना तयार जेवण पुरवायची. मालक ज्ञानेश कोठुळे, चाळिशीचा, उत्साही, सगळ्यांना नावानं हाका मारणारा. आठवड्याचा मेनू तोवर तो आणि मुख्य आचारी शकुबाई दोघं मिळून तोंडी ठरवत. आता गिऱ्हाइकं वाढली होती, प्रत्येक जण पोषणाचा तक्ता मागत होता, आणि ज्ञानेशला ते कॉम्प्युटरवर हवं होतं. फळ्यावरचं उदाहरण पगार घेऊन करायला मिळतंय, म्हणून अंजली खूश झाली.

तिनं चार याद्या केल्या: धान्यं, कडधान्यं, भाज्या, नाश्ते. प्रत्येक यादीतला प्रत्येक पदार्थ दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाशी लावून बघायचा, असा साधा प्रोग्रॅम लिहिला. एका लूपच्या, म्हणजे फेऱ्याच्या, पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. एकाच दिवसाची पंचवीस हजार ताटं होत होती, आणि आठवड्याचे दिवस एकमेकांशी लावायला गेलं की आकडा मोजण्यापलीकडे जाई. प्रोग्रॅम आधी पूर्ण ताट मांडायचा आणि मग ते चालतं की नाही ते तपासायचा. संध्याकाळी लावून गेली तर सकाळी आल्यावरही मशीन गरगरतच असे.

उपाय तिला घरी, कुकर लावताना सुचला. आपण घरात स्वयंपाक करताना सगळ्या भाज्या सगळ्या भातांशी लावून बघत नाही. खिचडी ठरली की डोक्यात कढी, पापड, फार तर बटाटा एवढंच येतं; कारल्याचा विचारच येत नाही. मग मशीननं तरी का करावा? जे जुळणारच नाही ते मुळात मांडायचंच नाही. तिनं जोड्या करून ठेवल्या. भाकरीबरोबर काय जातं, भाताबरोबर काय, कुठल्या उसळीवर कुठली भाजी नको. प्रोग्रॅमनं आता पहिला पदार्थ उचलला की पुढे फक्त त्याच्या सोयऱ्यांपुरतंच फिरायचं. रात्रभर चालणारं काम चहा होईपर्यंत उरकू लागलं. शकुबाईला तक्ता दाखवला तर ती म्हणाली, ठीक आहे, कोणी जेवणार नाही असं काही यात दिसत नाही. शकुबाई सायखेड्याची, कमी बोलणारी. तिच्या तोंडून हे कौतुकच होतं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग सायखेड्याकडच्या रस्त्यावर एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं, त्याचं काम निघालं. दुसऱ्या एका केटररनं फार खालचा दर भरल्याचं ज्ञानेशच्या कानावर आलं. त्यानं अंजलीला बोलावलं आणि विचारलं, आपला दर आणखी खाली का येत नाही? तिनं सांगितलं, पोषणाच्या अटी पाळून याहून खाली यायचं तर जोड्या सोडाव्या लागतील. त्याला जोड्या म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ऐकून तो हसला. ट्रस्टच्या कागदावर प्रथिनं मागितली होती, लोह मागितलं होतं. चवीचा रकाना कुठेच नव्हता. जी अट कुणी घातलेली नाही ती आपण पैसे घालून का पाळायची, असा त्याचा प्रश्न होता. अंजली म्हणाली, जोड्या काढल्या तर प्रोग्रॅम पुन्हा रात्रभर चालेल. तो म्हणाला, मग दुसरी युक्ती काढ, तू हुशार आहेस.

आणि तिनं काढली. पुढे पुष्कळदा तिला याच गोष्टीची सर्वांत जास्त घाण वाटली, की ते करताना तिला मजा आली होती. तिनं प्रत्येक यादी स्वस्त ते महाग अशी लावली, म्हणजे स्वस्त ताट लवकर हाती लागेल. मग अशी सोय केली, की अर्धवट मांडलेलं ताटच जर आतापर्यंतच्या सर्वांत स्वस्त ताटापेक्षा महाग झालं असेल, तर तिथूनच मागे फिरायचं. त्यात पुढे काहीही वाढलं तरी ते स्वस्त होणार नाही. हजारो ताटं न मांडताच बाद होऊ लागली. जोड्यांच्या प्रोग्रॅमपेक्षाही हा नवा वेगानं धावला. उत्तर आलं तेव्हा तिनं सुयशला फोन करून सांगितलं. तोही खूश झाला, येताना जिलबी घेऊन आला.

उत्तरात होतं ते असं. तांदळाऐवजी कणी. डाळीऐवजी बहुतेक दिवस तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ. भाजी मुळ्याची, पाल्यासकट, त्या सोयापिठातच पातळ केलेली. सकाळी त्याच पिठाची गुळातली लापशी. आठवड्यातून दोनदा बीट, तेही बाजरीच्या खिचडीत. प्रथिनं मागितल्यापेक्षा जास्त भरत होती, लोह तर भरपूर. दर असा खाली आला की ज्ञानेशनं तिचं टेबलापाशी येऊन अभिनंदन केलं. काम कंपनीला मिळालं.

अंजलीची बसायची जागा गोदामाच्या वर होती. खाली स्वयंपाकघरात ती क्वचितच जायची. वाफ, ओले पाय, सांडलेलं तेल, सोललेल्या कांद्याचे ढीग यांनी तिचा जीव घुसमटे. नवीन मेनू सुरू झाला त्या आठवड्यात जिन्यातून एक वास वर येऊ लागला. कच्च्या शेंगेसारखा उग्र आणि त्याखाली काहीतरी आंबूस, ओलं पोतं तसंच गुंडाळून ठेवल्यासारखा. तिनं खिडकी उघडली. खाली जाऊन बघितलं नाही. शकुबाई एकदा स्वतः वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “मॅडम, शिजवायला मी शिजवीन. पण चाखायला मला सांगू नका. मला नाय जमत.” अंजली म्हणाली, मसाला वाढवून बघा. ठरलेल्या दरात मसाल्याला जागा नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. शकुबाई खाली गेली.

दोन महिन्यांनी ट्रस्टच्या एक विश्वस्त वसतिगृह बघायला येणार होत्या. तेजल त्यांचं नाव, नाशिकच्याच, वयानं अंजलीएवढ्याच, बोलायला सरळ. पोषणाचा तक्ता समजावून सांगायला ज्ञानेशनं अंजलीला बरोबर घेतलं. भिंतीवर मोठा बॅनर लावला होता, त्यावर हसऱ्या मुलींची चित्रं आणि अंजलीचेच आकडे. तेजलताईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, चांगलं आहे म्हणाल्या, आणि जेवणाची घंटा झाली तशी म्हणाल्या, चला, मुलींबरोबरच बसू या.

ज्ञानेशनं हात जोडले. आज गुरुवार, त्याचा उपास होता. तेजलताईंना ऐन वेळी ऑफिसातून फोन आला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या. पंगतीत अंजली एकटीच बसली.

ताटात वाढलेल्या गोष्टीला रंग नव्हता. राखाडी म्हणावी तर थोडी हिरवट होती. मुळ्याच्या पाल्याचे तंतू पिठाच्या चिकट रसात लोंबत होते, आणि चमचा वर उचलला की रसाची तार ताटापर्यंत लांबत होती. कणीचा भात गिच्च झाला होता, त्याचा गोळा हातानं मोडावा लागला. तिनं घास केला. तोंडाजवळ नेला तसा जिन्यातला तो वास आला, पण आता तो गरम होता. आजूबाजूच्या मुली बघत होत्या. तिनं घास तोंडात घातला. तो टाळ्याला चिकटला, पिठूळ, कडवट, आणि पाल्याचा एक तंतू घशाच्या तोंडाशी अडकून राहिला. तो गिळता येईना. तोंडावर रुमाल धरून ती मागच्या दारानं बाहेर पळाली आणि न्हाणीच्या कट्ट्याला धरून ओकली.

तिच्या मागोमाग एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. निकिता नाव, नामपूरची, बारावीला. तिनं अंजलीच्या हातावर पाणी घातलं. अंजलीला इतकी लाज वाटत होती की मान वर होईना. तिनं विचारलं, तुम्ही हे रोज कसं खाता? निकिता म्हणाली, “आम्ही कुठे खातो, मॅडम. खावाजोगं नई शे ते.” आणि तिनं कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं.

पिंप गळ्यापर्यंत भरलं होतं. सकाळची लापशी खाली, तिच्यावर साय धरलेली, त्यावर आताची भाजी, वरून माश्या. फुगलेल्या लापशीतून मध्येच एक बुडबुडा येऊन फुटत होता. डुकरं पाळणारा एक जण हे रोज घेऊन जातो, असं निकितानं सांगितलं. मुली संध्याकाळी फाट्यावरून वडापाव, फरसाण आणतात. ज्यांच्याजवळ पैसे नसतात त्या नुसता भात पाण्यात कालवून, मीठ घालून खातात. निकिता हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. वसतिगृहाची माहिती द्यावी तसं सांगत होती.

अंजली त्या पिंपाजवळ उभी राहिली. तिच्या तक्त्यातली सगळी प्रथिनं, सगळं लोह त्यात होतं. तिच्या गणितात वाढलेलं मोजलं होतं, खाल्लेलं कुठेच मोजलेलं नव्हतं. फळ्यावर कोबी आणि पीठ असं उत्तर आलं की वर्ग हसायचा, ते तिला आठवलं.

परतताना ज्ञानेशनं औरंगाबाद रोडवरच्या एका ढाब्यावर गाडी थांबवली आणि शेवभाजी मागवली. अंजलीनं उपासाचं विचारलं. तो म्हणाला, उपास तिथल्या ताटापुरता होता. तो भाकरी मोडून लालभडक रश्श्यात बुडवत होता, बोटांवरून तेल मनगटाकडे ओघळत होतं, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. अंजलीनं पिंपाचं सांगितलं. मुली खात नाहीत, सगळं डुकरांना जातं, हे सांगितलं. तिला वाटलं होतं तो दचकेल. त्यानं घास संपवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, “अंजली, तू मनाला लावून घेऊ नको. या सगळ्या खेड्यापाड्यातल्या, डोंगरातल्या पोरी. पाला-बिला खाऊनच वाढलेल्या आहेत. त्यांना कसली आलीय किळस? किळस आपल्यासारख्यांना येते.”

अंजलीनं हातातला पेला खाली ठेवला. आपल्यासारख्यांना. या माणसानं तिला आपल्या बाजूच्या मांडणीवर उचलून ठेवलं होतं, आणि हा मान आहे असं त्याला वाटत होतं. पंचवटीतल्या त्या बाईनं निदान तिला आपल्यात धरलं नव्हतं. तिला त्याची बोटं, त्याचा रस्सा, त्याचा समजूतदार आवाज या सगळ्याची एकदम शिसारी आली. ती म्हणाली, “मी आत्ता त्यांच्याच न्हाणीत ओकून आलेय, सर. त्यांनी पाणी घातलं माझ्या हातावर.” ज्ञानेशला यातलं काही उमगलं नाही. ऊन लागलं असेल, असं तो म्हणाला. नाशकात द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी अडकली तशी ती दार उघडून उतरली आणि रिक्षा करून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना फोन करून पिंप रोज किती भरतं ते विचारून घेतलं. मग प्रोग्रॅममध्ये नवी अट घातली: वाढलेलं नाही, पोटात गेलेलं मोजायचं. तसं मोजलं तर ते सर्वांत स्वस्त ताट सर्वांत महाग पडत होतं. जोड्यांचं जुनं ताट त्याच्या निम्म्यात भागत होतं. तिला वाटलं, हे आकड्यांत आहे, हे त्याला पटेल. ज्ञानेशनं ते शांतपणे पाहिलं. म्हणाला, हिशोब बरोबर आहे, पण ट्रस्ट आपल्याला ताटामागे पैसे देतं, घासामागे नाही. त्याचं बोलणं त्याच्या बाजूनं बिनचूक होतं. तिनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. प्रोग्रॅम कंपनीचा होता, तो तिथेच राहिला.

सुयश रागावला नाही, पण बँकेचं पासबुक काढून बसला. घराच्या हप्त्याचा विचार त्याच्या डोक्यात असणार. अंजली पुन्हा कॉलेजांना अर्ज करू लागली. मात्र त्याआधी ती तेजलताईंना जाऊन भेटली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली. वसतिगृहाच्या हॉलमध्ये विश्वस्त, ज्ञानेश, रेक्टरबाई, अंजली, आणि समोर सतरंजीवर मुली. तेजलताईंनी मुलींना विचारलं, जेवण कसं असतं? मुली म्हणाल्या, चांगलं असतं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. निकितानंही खाली बघत तेच सांगितलं. रेक्टरबाई रुमालानं चष्मा पुसत होत्या. ज्ञानेश अंजलीकडे पाहून दिलगिरीनं हसला, जणू तिच्याच वतीनं माफी मागत होता. खोलीत कुणालाही खरं काय ते माहीत नव्हतं असं नाही. मुलींवर तिला राग आला नाही. त्यांना तिथेच राहायचं होतं. पण बाकीच्यांचे ते स्वच्छ, इस्त्री केलेले चेहरे बघून तिला वाटलं, पिंप परवडलं. त्याला वास तरी येतो.

तेजलताईंना मात्र काहीतरी कळलं होतं. त्यांनी ठरवून टाकलं, की दर शनिवारी एक विश्वस्त वसतिगृहात मुलींबरोबर, त्याच पातेल्यातलं जेवेल. ज्ञानेशनं आनंदानं होकार दिला. अंजलीलाही बरं वाटलं. चला, काहीतरी झालं.

महिन्याभरानं तिला योगेशचा फोन आला. योगेश म्हणजे तिच्या जागी घेतलेला नवा मुलगा, नुकताच इंजिनिअर झालेला. तिनं कामाच्या शेवटच्या आठवड्यात त्याला प्रोग्रॅम समजावून दिला होता, त्यामुळे तो तिला मॅडम म्हणून मानायचा. त्याची एक अडचण होती. इतके दिवस शनिवारचं ताट सर तोंडीच ठरवत; आता त्यांनी प्रोग्रॅममध्ये जुन्या जोड्या परत घालायला सांगितल्या होत्या, पण फक्त शनिवारपुरत्या. बाकी सहा दिवस जसेच्या तसे. तशी अट घातली की प्रोग्रॅम फार हळू होतो, तर ती नेमकी कुठल्या लूपच्या आत घालू?

सगळं चित्र अंजलीच्या डोळ्यांपुढे आलं. शनिवारी वरण, भात, बटाट्याची भाजी, तेजलताईंच्या तोंडून शाबासकी. आणि रविवारी सकाळी पुन्हा ती लापशी. योगेशच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला खरोखरच फक्त लूपची चिंता होती, जशी तिला होती. ते ऐकताना तिला स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. तिनं त्याला विचारलं, तू ते कधी खाल्लंयस का? तो म्हणाला, नाही मॅडम, मी डबा आणतो.

तिनं त्याला उत्तर दिलं. अट कुठे घालायची ते खरं सांगितलं. खोटं सांगून त्याला तोंडघशी पाडण्यात तिला अर्थ वाटला नाही. फोन ठेवून तिनं कुकर लावायला घेतला. मग तिच्या मनात आलं ते साधं होतं. ज्ञानेशच्या याद्यांत आता एक यादी वाढली होती, दिवसांची, आणि त्यातला एकच दिवस त्याला महाग पडत होता. तो दिवस कुठला हे त्याला ठाऊक होतं, एवढ्याच बळावर तो उरलेले सहा दिवस स्वस्तात निभावत होता. ते ठाऊक नसलं तर? कुठल्याही दिवशी कुणीही येऊ शकत असेल, तर प्रत्येक दिवस शनिवारच धरावा लागेल.

तिनं तेजलताईंना फोन केला. बोलली ते थोडकंच: “शनिवारी जाऊ नका. दिवस ठरवूच नका. घरातून निघेपर्यंत कुणाला सांगू नका, रेक्टरबाईंनाही नाही.” तेजलताईंनी का म्हणून विचारलं. अंजलीनं योगेशच्या फोनचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे आम्ही जेवत होतो ते मुलींचं जेवण नव्हतंच.” त्यांच्या आवाजात अंजलीला ती ओळखीची मळमळ ऐकू आली.

पुढच्या बुधवारी तेजलताई न सांगता जाऊन बसल्या. त्या दिवशी बाजरीत बीट होतं. त्यांनी ताट संपवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडलं. त्यानंतर विश्वस्त केव्हाही येऊ लागले, कधी सोमवारी नाश्त्याला, कधी रविवारी रात्री. दुसऱ्या महिन्यात ज्ञानेशनं स्वतःहून आठवडाभर जोड्या लावल्या. दर तोच ठेवावा लागला, कारण करार झाला होता. त्यानं भाजीत पाणी वाढवून आणि पोळ्या लहान करून ते भरून काढलं. तरीही ते जेवण होतं. पिंपवाला हल्ली एक दिवसाआड येतो, असं शकुबाईनं एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं.

लोक अंजलीला म्हणाले, तू जिंकलीस. तेजलताईंनी ट्रस्टच्या कार्यक्रमात तिचं नाव घेतलं. तिला त्यात काही गोड वाटलं नाही. पोरींना वरण-भात मिळावा एवढ्यासाठी मोठ्या माणसांवर पाळत ठेवावी लागते, आणि पाळत उठली की पुन्हा तीच लापशी शिजेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्ञानेशचा धंदा जोरात आहे. प्रोग्रॅम तोच आहे. दुसऱ्या जिल्ह्यांतली वसतिगृहं त्यानं त्याच्याच जोरावर घेतली, आणि तिथे कुणी न सांगता जाऊन बसतं की नाही हे तिला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

यंदा तिला सिन्नरकडच्या कॉलेजात पुन्हा तास मिळाले आहेत. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आहाराचं ते उदाहरण अजून आहे. पहिल्या सत्रात तिनं ते शिकवलं. शेवटी कोबी आणि पीठ आलं तसा वर्ग नेहमीसारखा हसला. अंजली हसली नाही. तिनं फळ्याकडे पाठ केली आणि मुलांना विचारलं, उद्या डब्यात हेच आणायचं ठरलं तर कोण कोण आणेल. हसू थांबलं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, की याचं गणितात काय करायचं. अंजली म्हणाली, ते आपण आता बघू, आणि फळा पुसून नव्यानं याद्या लिहायला घेतल्या.